औषध थेट मेंदूत द्यायचं ठरवलंय? आधी प्रश्न पक्का करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्याकडे एक छोटं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी, आहे. ऑक्सिजन आणि ग्लुकोज तोडलेल्या न्यूरॉन्सना ते डिशमध्ये छान वाचवतं. मग तुम्ही रॅटमध्ये फिलामेंट (बारीक धागा) घालून मधली सेरेब्रल धमनी ९० मिनिटं बंद केली, म्हणजे स्ट्रोक घडवला, रक्तप्रवाह सुरू झाल्यावर पेप्टाइड शेपटीच्या शिरेतून दिलं आणि काहीच फरक पडला नाही. आता गाइड म्हणतात, ‘थेट मेंदूत देऊन बघ.’ व्हेंट्रिकलमध्ये (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीत) द्यायचं, मेंदूच्या ऊतीत द्यायचं की नाकातून, किती मायक्रोलिटर, कोणते कोऑर्डिनेट्स (कवटीवरून मोजलेली जागा आणि खोली) आणि कॅन्युला (मेंदूत बसवायची बारीक नळी) आठवडाभर आधी बसवून ठेवली तर चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

गेली सोळा वर्षं मी रॅट आणि माऊसमधल्या स्ट्रोकवरच काम करते आहे. आकडे खाली देते. पण आकड्यांआधी एक गोष्ट नक्की करू या, नाहीतर सहा महिने आणि चाळीस प्राणी खर्ची पडतील आणि हाती येईल तो आलेख कुणालाच वाचता येणार नाही.

शिरेतून दिलेलं पेप्टाइड चाललं नाही, याचे तीन अर्थ निघतात. ते मेंदूत पोचलंच नाही. पोचलं, पण फार थोडं किंवा फार उशिरा. किंवा वेळेवर आणि पुरेसं पोचूनही जिवंत मेंदूत त्याचा उपयोग झाला नाही. थेट मेंदूत देण्याचा खरा फायदा इतकाच की पहिला अर्थ आणि तिसरा अर्थ वेगळे करता येतात. ‘पोचवलं तर चालतं का?’ या प्रश्नाचं ते उत्तर आहे. ‘रुग्णाला देता येईल का?’ हा दुसरा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा मार्ग लागतो. सिनॉप्सिसमध्ये हे दोन प्रश्न दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहा. बहुतेक थीसिसमध्ये ते एकात मिसळलेले असतात आणि व्हायव्हात सगळी गाडी तिथेच अडते.

माझ्याकडे असा प्रश्न आला की मी आधी विचारते, रक्तात मोजलंत का? छोट्या पेप्टाइडचं रक्तातलं आयुष्य कित्येकदा मिनिटांतच संपतं. बोलस, म्हणजे एका वेळचा डोस, दिल्यावर ५, १५ आणि ३० मिनिटांनी रक्त काढून एलसी-एमएसवर (रेणू ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर) पाहिलं आणि पंधराव्या मिनिटाला काही शिल्लकच नसेल, तर दोष ब्लड-ब्रेन बॅरिअरचा, म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यातल्या अडसराचा, नाही. तेव्हा ड्रिल हातात घेण्याआधी दोन-तीन रॅटवर हे करून घ्या. ‘स्ट्रोकनंतर बॅरिअर फुटतोच की’ हेही मी अनेकदा ऐकते. फुटतो, पण सगळीकडे सारखा नाही आणि सगळा वेळ नाही. जिथे तो सर्वांत जास्त फुटतो, तिथली ऊती बहुधा आधीच गेलेली असते.

आता व्हेंट्रिकल. तुमच्या प्रश्नासाठी पहिली निवड हीच, पण तिच्या मर्यादा माहीत असू द्या. रॅटमध्ये एकूण सीएसएफ (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) साधारण २५० ते ३०० मायक्रोलिटर असतो, माऊसमध्ये ४०च्या आसपास आणि माणसात १५० मिलिलिटरच्या घरात. रॅटला १० मायक्रोलिटर दिले तर एकूण सीएसएफमध्ये तीन-चार टक्क्यांची भर पडली. तेच १० माऊसला दिले तर पाव हिस्सा झाला. आधीच सुजत चाललेल्या मेंदूत एवढं पाणी ढकललं तर दाब वाढणारच. म्हणून रॅटमध्ये मी ५ ते १० मायक्रोलिटरच्या वर जात नाही आणि वेग मिनिटाला १ मायक्रोलिटर किंवा त्याहून कमी ठेवते. माऊसमध्ये २ ते ५, तेही आणखी हळू. सिरिंज हाताने दाबायची नाही, पंपच लावायचा. हाताने दिलेले ‘हळूहळू पाच मायक्रोलिटर’ प्रत्यक्षात तीन झटक्यांत जातात, हे मी स्वतःचा हात बघून सांगते.

दुसरी मर्यादा वेळेची. रॅटमध्ये मिनिटाला दोन-तीन मायक्रोलिटर नवा सीएसएफ तयार होतो, म्हणजे दोनेक तासांत सगळा बदलतो. एका बोलसने तुम्हाला मिळते ती दोन-तीन तासांची खिडकी. तुमचं पेप्टाइड पहिल्या काही तासांत कॅल्शियम आत शिरू न देणारं असेल तर तेवढं पुरतं. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या दाहावर काम करत असेल, तर ऑस्मॉटिक पंप, म्हणजे शरीरात बसवलेला आणि कित्येक दिवस हळूहळू औषध सोडणारा छोटा पंप, लागेल.

तिसरी मर्यादा अंतराची, आणि हिच्यावर सर्वांत कमी विचार होतो. व्हेंट्रिकलमधलं औषध भिंतीतून आत झिरपतं, पण एखाद-दोन मिलिमीटर आत गेलं की त्याचं प्रमाण झपाट्याने घसरतं. आता तुमचं मॉडेल डोळ्यांसमोर आणा. फिलामेंटने धमनी बंद केली की आधी मरतो तो स्ट्रायटम, मेंदूच्या आतला खोल भाग. तोच गाभा. वाचवण्यासारखी ऊती, म्हणजे पेनम्ब्रा, मुख्यतः वरच्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, असते. लॅटरल, म्हणजे बाजूचं, व्हेंट्रिकल चिकटलेलं असतं ते स्ट्रायटमला. म्हणजे औषध सर्वांत जास्त पोचणार तिथे, जिथे वाचवायला सर्वांत कमी उरलं आहे. कॉर्टेक्सला ते जातं वळसा घालून, मेंदूच्या पृष्ठभागावरून आणि रक्तवाहिन्यांभोवतीच्या फटींतून आत. या फटींतला प्रवाह २०१२ पासून ग्लिम्फॅटिक या नावाने चर्चेत आहे आणि स्ट्रोकमध्ये नेमका तोच बिघडतो. तेव्हा निकाल नकारात्मक आला तर लगेच ‘पेप्टाइड निकामी’ म्हणू नका. पेप्टाइडला फ्लुओरेसंट टॅग लावून किमान तीन प्राण्यांत ते कॉर्टेक्समध्ये दिसतं का, ते पाहा. स्ट्रोक केलेल्या प्राण्यांत पाहा. निरोगी रॅटमधलं वितरण इथे कामाचं नाही.

चौथी गोष्ट तापमान. व्हेंट्रिकलमध्ये दिलेलं औषध तिसऱ्या व्हेंट्रिकलमधून जाताना हायपोथॅलॅमसला धुऊन जातं आणि शरीराचं तापमान ठरतं तिथेच. मेंदू एक-दोन अंशांनी थंड झाला तरी इन्फार्क्ट (मेलेला भाग) लहान दिसतो, औषधाने बाकी काही केलेलं नसलं तरी. एमके-८०१ या एके काळी गाजलेल्या औषधाबाबत १९९० मध्ये जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यातल्या कामातून हेच पुढे आलं होतं. औषध दिलेल्या प्राण्यांचं तापमान पडत होतं आणि ते सांभाळल्यावर संरक्षण दिसेनासं झालं. उलट बाजूही आहे. फिलामेंट जास्त वेळ ठेवलं तर रॅटचा हायपोथॅलॅमसच दुखावतो आणि प्राणी तापतो. म्हणून शस्त्रक्रियेपुरतं गुदद्वारातलं तापमान घेऊन भागत नाही. शुद्धीवर आल्यावर पहिले सहा तास तरी दर तासाला घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही घ्या. माझ्या विद्यार्थ्यांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मी ते सोडू देत नाही.

आता कॅन्युला आधी बसवण्याबद्दल. सोयीचं आहे, मला मान्य. स्ट्रोकच्या दिवशी प्राण्याला पुन्हा डोकं पक्कं धरणाऱ्या फ्रेममध्ये बांधावं लागत नाही. पण मेंदूत सुई घालणं हीसुद्धा एक इजा आहे. सुई कॉर्टेक्समधून जाताना स्प्रेडिंग डिपोलरायझेशनची, म्हणजे पेशींची विद्युत-स्थिती ढासळवत पसरत जाणारी, लाट उठू शकते, भोवतीच्या ग्लिया (न्यूरॉन्सना आधार देणाऱ्या) पेशी जाग्या होतात आणि अशी किरकोळ इजा काही दिवस आधी झाली असेल तर पुढचा मोठा आघात मेंदू जास्त चांगला सोसतो. याला प्रीकंडिशनिंग म्हणतात. हे मी पुस्तकातून शिकले नाही. सुरुवातीच्या एका अभ्यासात मी सगळ्या रॅटना पाच दिवस आधी कॅन्युला बसवल्या होत्या. औषध आणि व्हेहिकल (औषधाविना नुसतं द्रावण), दोन्ही गटांत इन्फार्क्ट इतके लहान आले की फरक दिसायला जागाच उरली नाही. कॅन्युला नसलेला गट मी ठेवलाच नव्हता. नुसता स्ट्रोक केलेल्या जुन्या प्राण्यांचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा उलगडा झाला, पण आठ महिने गेले ते गेले. तेव्हापासून माझ्या अभ्यासात स्ट्रोक अधिक औषध आणि स्ट्रोक अधिक व्हेहिकल यांच्या जोडीला, सुई अजिबात न लागलेला स्ट्रोकचा एक छोटा गट असतोच. कवटीला पाडलेलं भोकही अगदी निरुपद्रवी नसतं. मोठं झालं तर सुजलेल्या मेंदूला जागा करून देतं. सर्जन रुग्णाच्या कवटीचा तुकडा काढतात ते याचसाठी. त्यामुळे भोक शक्य तितकं बारीक हवं आणि सगळ्या गटांत एकसारखं हवं.

तुमच्या प्रयोगात मी असं करेन: फिलामेंट काढल्यावर त्याच भुलीत प्राणी फ्रेमवर घ्यायचा आणि स्ट्रोक नसलेल्या बाजूच्या व्हेंट्रिकलमध्ये एकच बोलस द्यायचा. विरुद्ध बाजू अशासाठी की सुईची इजा इन्फार्क्टमध्ये मिसळत नाही आणि सूज आली की आजारी बाजूचं व्हेंट्रिकल चेपतं, मधली रेषा सरकते आणि मेंदूच्या ॲटलासचे (नकाशाचे) आकडे लागू राहत नाहीत. चोवीस तासांनी द्यायचं असेल तर हे फारच जाणवतं. भूल आयसोफ्लुरेनची असेल तर ती स्वतः थोडं संरक्षण देते, म्हणून प्रत्येक प्राण्याची भुलीची मिनिटं लिहून ठेवा. केटामाइन एनएमडीए रिसेप्टरच अडवतं, ज्यातून कॅल्शियम न्यूरॉनमध्ये शिरतं. तुमच्या पेप्टाइडचा रोख त्या दिशेला असेल तर केटामाइन नकोच.

आकडे. २५० ते ३०० ग्रॅमच्या नर विस्टार रॅटसाठी लॅटरल व्हेंट्रिकल ब्रेग्माच्या (कवटीच्या शिवणी मिळतात त्या पुढच्या बिंदूच्या) मागे ०.८ ते ०.९ मिलिमीटर, मध्यरेषेपासून १.४ ते १.५ मिलिमीटर बाजूला आणि ३.५ ते ४ मिलिमीटर खोल. खोली कवटीपासून मोजली की ड्युरापासून (मेंदूच्या बाहेरच्या आवरणापासून), हे पेपरमध्ये धड लिहिलेलं नसतं आणि सगळा घोळ तिथे होतो. तुमच्या स्ट्रेनसाठी, तुमच्या वजनाच्या प्राण्यांवर हे स्वतः ठरवून घ्या.

ठरवायचं कसं, तर रंगाने. इअर बार (कानांत टेकवून डोकं धरणारे दांडे) नीट बसले की बारीकसा ‘टक्’ असा आवाज येतो आणि डोकं डावी-उजवीकडे हलत नाही. ते हलत असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. कातडी बाजूला केल्यावर हाड ओल्या कापसाने पुसून कोरडं होऊ द्या, मग ब्रेग्माच्या शिवणी पांढऱ्यावर करड्या रेषांसारख्या उठून दिसतात. ब्रेग्मा आणि लॅम्डा (मागचा तसाच बिंदू) यांची उंची ०.१ मिलिमीटरच्या आत जुळवा. ड्रिल दाबू नका, टेकवा आणि उचला, मधेमधे सलाइनचा थेंब सोडा, नाहीतर हाडाच्या उष्णतेने खालचा कॉर्टेक्स भाजतो. हाड पातळ झालं की खालची रक्तवाहिनी गुलाबी दिसायला लागते. तिथे थांबून उरलेला पापुद्रा सुईच्या टोकाने उचला. इव्हान्स ब्लू हा निळा रंग ५ मायक्रोलिटर द्या, सुई आणखी ५ ते १० मिनिटं तिथेच ठेवा आणि मग मिनिटाला एखादा मिलिमीटर अशा गतीने वर घ्या. सुईच्या कडेने निळा मणी वर आला तर डोस बाहेर आला, असा प्राणी बाद. मेंदू काढून काप घेतलात की चारही व्हेंट्रिकल निळी दिसली पाहिजेत. निळा पट्टा फक्त व्हेंट्रिकलच्या वरच्या कॉर्पस कॅलोसममध्ये दिसला तर तुम्ही थोडक्यात वर राहिलात. सलग चार प्राण्यांत चारही निळी येईपर्यंत मी कुणाला औषधाला हात लावू देत नाही.

कायमची कॅन्युला असेल तर एक जुनी, सुंदर चाचणी आहे. कॅन्युलातून अँजिओटेन्सिन-२ हे तहान लावणारं हार्मोन द्या. जागा बरोबर असेल तर तहान नसलेला रॅटही काही मिनिटांत बाटलीकडे जातो आणि भराभर पाणी पितो. प्राणी न मारता खात्री होते.

द्रावणाकडेही लक्ष द्या. पेप्टाइड बहुधा ट्रायफ्लुओरोॲसिटेट क्षार म्हणून येतं आणि जास्त मात्रेत द्रावण आम्लधर्मी होतं. कृत्रिम सीएसएफमध्ये विरघळवून पीएच ७.४च्या आसपास आणा. ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या भिंतीतलं विष) तपासा. मेंदूत गेलेलं थोडंसं एंडोटॉक्सिनही दाह पेटवायला पुरेसं असतं. आणखी एक, पेप्टाइड प्लास्टिकच्या नळीला चिकटतं. मायक्रोमोलर द्रावण पॉलिथिलीनच्या लांब नळीतून गेल्यावर टोकाशी किती उरतं, ते एकदा मोजून पाहा. ०.१ टक्का अल्ब्युमिन घातलं तर हे चिकटणं कमी होतं, पण मग व्हेहिकलमध्येही तेवढंच अल्ब्युमिन हवं. ऑस्मॉटिक पंप वापरलात तर पेप्टाइड ३७ अंशांवर सात दिवस टिकतं का, हे आधी शीशीत बघा आणि पंप रात्रभर ३७ अंशांच्या सलाइनमध्ये ठेवून मगच बसवा, नाहीतर पहिले काही तास त्यातून काहीच येत नाही.

थेट ऊतीत सुई घालण्याबद्दल थोडक्यात सांगते. तुमच्या कामाला ते नको. एका वेळी १ ते ३ मायक्रोलिटर जातात, तेही मिनिटाला ०.१ ते ०.५ या वेगाने, आणि औषध सुईच्या टोकाभोवती एका छोट्या गोळ्यात राहतं. पेनम्ब्रासारख्या पसरट भागाला ते पुरत नाही, शिवाय सुई नेमकी त्याच ऊतीला भोसकते जिला वाचवायचं आहे. हा मार्ग शोभतो पेशींना आणि जेलला, तेही उशिरा. स्ट्रोकनंतर पाच-सात दिवसांनी मेंदूत जी पोकळी होते तिच्यात हायल्युरोनिक ॲसिडचं जेल भरण्याचं काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या गटाने माऊसमध्ये केलं आहे. तिथे तर्क सरळ आहे. जी जागा मेलेलीच आहे ती वापरायची आणि शेजारच्या जिवंत ऊतीला आधार द्यायचा.

नाकाचा मार्ग मोहात पाडतो. शस्त्रक्रिया नाही, भोक नाही, एथिक्स कमिटीही खूश. पण रॅट-माऊसच्या नाकातलं जवळपास अर्धं अस्तर वास घेणारं असतं आणि माणसाच्या नाकात ते काही टक्केच. त्यामुळे माऊसमध्ये मिळालेला आकडा माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय स्ट्रोक झालेला, अर्धवट भुलीतला प्राणी थेंब फुप्फुसात ओढतो. करायचंच असेल तर माऊसला एका वेळी दोन-तीन मायक्रोलिटरचे थेंब, आलटून पालटून दोन्ही नाकपुड्यांत, मधे मिनिटभर थांबून, आणि एकूण २०-२५ मायक्रोलिटरच्या वर नाही. आणि रक्तातलं प्रमाण मोजायचंच. नाहीतर ‘नाकातून मेंदूत’ म्हणून जे तुम्ही लिहाल ते खरं म्हणजे नाकातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत गेलेलं असेल.

तुम्ही न विचारलेला एक मार्ग मात्र मी आवर्जून सुचवते: धमनीतून. फिलामेंटसाठी तुम्ही मानेतल्या एक्स्टर्नल कॅरोटिड धमनीचा बुंधा उघडलेला असतोच. फिलामेंट काढल्यावर त्याच वाटेने बारीक नळी घालून इंटर्नल कॅरोटिडमध्ये औषध हळू सोडता येतं. मेंदूला वेगळी जखम होत नाही आणि जिथे रक्त परत येतंय तिथेच औषध जातं. रुग्णाशी याचं नातंही खरं आहे. २०१५ मध्ये गुठळी कॅथेटरने काढण्याच्या चाचण्या यशस्वी झाल्यापासून, अशा रुग्णाच्या मेंदूच्या धमनीत डॉक्टरांचा कॅथेटर प्रत्यक्ष असतो. गुठळी निघाल्यावर त्याच कॅथेटरमधून औषध देता येतं. पेशी देणार असाल तर मात्र जपून. मेझेन्कायमल स्टेम पेशींचा व्यास केशवाहिनीच्या दुप्पट-तिप्पट असतो. त्या जास्त किंवा वेगाने सोडल्या तर नवेच छोटे स्ट्रोक होतात आणि लेझर डॉप्लरवर (रक्तप्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) प्रवाह पडलेला दिसतो. पेप्टाइडला हा त्रास नाही.

शिरेच्या मार्गात आणखी एक खाच असते, ती पेप्टाइडवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. नेरिनेटाइड हे पेप्टाइड मकाक माकडांत चांगलं चाललं होतं. २०२० च्या मोठ्या चाचणीत, सुमारे अकराशे रुग्णांत, एकंदर फायदा दिसला नाही. अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध मिळालेल्या रुग्णांत रक्तातलं पेप्टाइडचं प्रमाण कमी होतं, कारण अल्टेप्लेजमुळे तयार होणारं प्लाझमिन हे एन्झाइम पेप्टाइड कापून टाकतं. तुमच्या पेप्टाइडच्या अमिनो आम्लांच्या क्रमात प्लाझमिन कापेल अशी जागा आहे का, हे कागदावरच पाहता येतं. अर्गिनीन आणि लायसीन ही अमिनो आम्लं कुठे आहेत ते शोधा, प्लाझमिन त्यांच्यापाशीच कापतं. एनएक्सवाय-०५९ची गोष्टही याच वळणाची. प्राण्यांत आशा दाखवलेलं हे औषध, तीन हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत २००७ मध्ये अपयशी ठरलं. ते मेंदूत फारच थोडं शिरतं हे आधीपासून माहीत होतं, आणि प्राण्यांवरच्या ज्या अभ्यासांत चिठ्ठ्या टाकून गट ठरवलेले नव्हते किंवा मोजणाऱ्याला गट माहीत होता, तिथे फायदा मोठा दिसला होता.

म्हणून रँडमायझेशन आणि ब्लाइंडिंग कागदावर नको, हातात हवं. शीशांवर दुसऱ्या कुणीतरी कोड घालावा. कोणता प्राणी बाद करायचा, हे आधी लिहून ठेवा. डॉप्लरवर प्रवाह ठरलेल्या टक्क्यांपर्यंत पडला नाही तर बाद, रंग व्हेंट्रिकलबाहेर दिसला तर बाद. निकाल पाहून कुणालाही बाद करायचं नाही. टीटीसीने रंगवलेले लाल-पांढरे काप (जिवंत भाग लाल, मेलेला पांढरा) चोवीस तासांनी घेऊन थांबू नका. सूज वजा करून आकार काढा आणि वेगळ्या प्राण्यांत निदान २८ दिवस वागणूक पाहा. पंजाने गोळी उचलणं, सिलिंडरला हात टेकवणं, चिकटपट्टी काढणं यांतली कोणतीही चाचणी चालेल, पण स्ट्रोकआधीचं प्रशिक्षण हवं.

मार्ग बदलला की संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे सुधारित प्रस्ताव द्यावा लागतो, मंजूर शिरेच्या इंजेक्शनवर व्हेंट्रिकलचं काम करता येत नाही. त्यात वेदनाशामक काय देणार, ते स्पष्ट लिहा. कवटी उघडलेला आणि अर्धं अंग लुळं पडलेला प्राणी पहिले तीन दिवस स्वतःहून नीट खात-पीत नाही. भिजवलेला, मऊ केलेला खाऊ पिंजऱ्याच्या तळाशी, लुळ्या नसलेल्या बाजूला ठेवा, कातडीखाली सलाइन द्या, रोज वजन करा. वजन किती घटलं की प्राणी संपवायचा, तो आकडा आधी ठरवा. मी वीस टक्के ठेवते. या काळजीमुळे मृत्यू कमी होतात, आणि मेलेले प्राणी एकाच गटात जास्त असतील तर उरलेल्यांचे आकडे विश्वासाचे राहत नाहीत.

तुमच्या जागी मी असते तर पहिल्या आठवड्यात तीन रॅटमध्ये पेप्टाइडचं रक्तातलं आयुष्य मोजलं असतं. दुसऱ्या आठवड्यात चार निरोगी रॅटवर इव्हान्स ब्लू. मग स्ट्रोक केलेल्या तीन रॅटवर टॅग लावलेलं पेप्टाइड, दोन तासांनी काप, कॉर्टेक्समध्ये चमकतंय का ते पाहायचं. चमकलं तर तीन गटांचा मुख्य अभ्यास. नाही चमकलं तर व्हेंट्रिकल सोडून धमनी. कॉर्टेक्सचे काप आले की तुमच्या पेप्टाइडचा आकार आणि भार यांच्यासकट पुन्हा लिहा, मात्रा किती ठेवायची ते त्यावरून सांगता येईल.